चावेझच्या रेकॉर्डमधलं ते शून्य एकदा बाजूला ठेवा

2025 च्या जूनमध्ये यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलने अ‍ॅनाहाइमला चावेझ ज्युनियरला दहा राऊंडमध्ये पॉइंट्सवर हरवलं आणि तेव्हापासून बॉक्सिंग बघणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये त्याच्या वडिलांचा जो पंचनामा सुरू झालाय तो काही थांबायचं नाव घेत नाहीये. मुलगा हरला, त्याचं खापर मुलाच्या डोक्यावर फुटायला पाहिजे होतं, पण लोक घसरले ते थेट मेक्सिकोचा जुना वर्ल्ड चॅम्पियन हुलिओ सेसार चावेझ सिनियरवर. एक गट म्हणतो की नव्वद फाइटमध्ये एकदाही न हरणं ही सगळी बनवाबनवी, लिंबूटिंबू पाडून फुगवलेला आकडा. दुसरा गट म्हणतो अरे चौदा वर्षं माणूस हरला नाही, अजून कसला पुरावा पाहिजे तुम्हाला? दोन्हीकडून तावातावाने लिंका टाकल्या जातायत, आणि माझ्या मते दोघंही एकाच चुकीच्या गोष्टीला धरून बसलेत, ती म्हणजे रेकॉर्डमधलं पराभवाच्या रकान्यातलं ते शून्य.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ते शून्य पूर्ण खरं नव्हतं. आणि चावेझ तरीही मेक्सिकोचा सगळ्यात मोठा बॉक्सर आहे, उलट ते शून्य काढून टाकलं की तो जास्त मोठा दिसतो. ही दोन वाक्यं एकत्र बोलता येतात हेच आपण विसरलोय.

आता जे शून्याला शिव्या घालतात त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते पुष्कळ आहे. मार्च 1981, कुलिआकान. चावेझ अठरा वर्षांचा, प्रो होऊन जेमतेम वर्ष झालेलं. समोर मिगेल रुइझ. पहिला राऊंड संपल्याची घंटा झाल्यावर चावेझचा पंच बसला, रुइझ खाली, रेफरीने चावेझला डिस्क्वालिफाय केलं. म्हणजे हरला. मग दुसऱ्या दिवशी स्थानिक बॉक्सिंग कमिशनने निकाल फिरवला आणि तीच फाइट चावेझच्या नॉकआउट विजयात जमा झाली. कमिशनवर कोण होतं? रामोन फेलिक्स, चावेझचाच मॅनेजर. यात बचाव करण्यासारखं मला तरी काही सापडत नाही. घंटा झाली होती की नाही यावर वाद घाला हवं तर, पण आपल्याच मॅनेजरच्या कमिशनने आपला पराभव पुसणं याला काय म्हणायचं हे सगळ्यांना कळतं. म्हणजे नव्वदची ती माळ सुरुवातीलाच एकदा तुटली होती आणि गाठ मारून जोडली होती.

शेवटाकडेही तेच. 10 सप्टेंबर 1993, सॅन अँटोनियोचं अलामोडोम, समोर पर्नेल व्हिटाकर. ही फाइट मी तीनदा बघितलीय आणि तिन्ही वेळा व्हिटाकरच जिंकलाय. चावेझ पुढे जातो, व्हिटाकर तिथे नसतोच, आणि जाता जाता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, ठेवून जातो, बारा राऊंड हेच. एका जजने 115-113 व्हिटाकरला दिलं, दोघांनी 115-115, निकाल ड्रॉ. चावेझ हरला नाही असं कागद म्हणतो. ज्यांनी फाइट बघितलीय त्यातले फार थोडे तसं म्हणतात. वजनाचं कारण देऊ नका, चावेझने वरच्या वजनगटात जायचं स्वतः ठरवलं होतं आणि व्हिटाकर काही त्याला ताकदीने हरवत नव्हता, डोक्याने आणि पायाने हरवत होता.

आणखी एक. त्या काळात डब्ल्यूबीसीचे, म्हणजे चॅम्पियनचे बेल्ट देणाऱ्या वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे, अध्यक्ष होते होसे सुलैमान, स्वतः मेक्सिकन. चावेझचा प्रमोटर डॉन किंग. जानेवारी 1994 मध्ये फ्रँकी रँडलने चावेझला हरवून बेल्ट घेतला होता, मे मधल्या परतीच्या फाइटमध्ये डोक्यावर डोकं आपटून चावेझला जखम झाली, आठव्या राऊंडमध्ये फाइट थांबली, नियमाप्रमाणे रँडलचा एक पॉइंट कापला गेला आणि तोवरच्या पॉइंट्सवर बेल्ट चावेझकडे परत आला. नियम होता, मान्य. पण असे नियम, असे निकाल, असे योगायोग एकाच माणसाच्या बाजूने इतक्यांदा पडायला लागले की लोकांनी संशय घेतला तर त्यांना दोष देता येत नाही.

तर शून्य गेलं, संपलं. मी 1981 ला एक आणि 1993 ला एक असे दोन पराभव स्वतःच्या हाताने चावेझच्या नावापुढे लिहितो. आता उरतं काय ते बघा.

पण त्याआधी ते टॅक्सीवाल्यांचं प्रकरण, कारण सगळ्यात जास्त फिरवला जाणारा टोमणा तोच. तो ग्रेग हॉगनचा. फेब्रुवारी 1993 च्या फाइटआधी हा अमेरिकन बॉक्सर म्हणाला होता की चावेझने आजवर हरवलेत ते टिहुआनाचे टॅक्सी ड्रायव्हर, त्यांना तर माझी आईपण लोळवेल. यात तथ्याचा अंश आहेच, चावेझच्या सुरुवातीच्या चाळीसेक फाइटमधली बरीच नावं कोणाला आठवणार नाहीत. पण जरा विचार करा, व्हिटाकर प्रो व्हायच्या आधी अमॅच्युअर म्हणून दोनशेहून जास्त फाइट लढला होता. चावेझचा दुसरा मोठा अमेरिकन प्रतिस्पर्धी मेल्ड्रिक टेलर शंभराच्या आसपास. दोघांनी 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक गोल्ड घेतलं. त्या सगळ्या शिकाऊ फाइट, त्यातले कच्चे प्रतिस्पर्धी, त्यातले पराभव, हे काहीही त्यांच्या प्रो रेकॉर्डमध्ये येत नाही. चावेझकडे अमॅच्युअर करियर म्हणावं असं फारसं नव्हतंच. तो शिकला कुठे? कुलिआकान, टिहुआनाच्या छोट्या हॉलमध्ये, पैसे घेऊन, आणि तिथली प्रत्येक फाइट रेकॉर्डमध्ये चढली. म्हणजे एकाची शाळा मोजायची नाही आणि दुसऱ्याची शाळा मोजून वर त्याला हसायचं, हा कुठला न्याय?

आणि तो तिथे पैसे घेऊन का लढत होता तेही बघा. जन्म 12 जुलै 1962, सोनोरा राज्यातलं सिउदाद ओब्रेगोन. वडील रेल्वेत कामाला, पोरं दहाच्या आसपास, आणि घर म्हणजे रेल्वेने टाकून दिलेला एक डबा. आई लोकांचे कपडे धुवायची, इस्त्री करायची. एक दिवस तुला घर बांधून देईन असं त्याने आईला सांगितलं होतं, ही गोष्ट तो मुलाखतींमध्ये पुन्हा पुन्हा सांगत आलाय. फेब्रुवारी 1980 ला पहिली प्रो फाइट, वय सतरा. अशा घरातल्या पोराला कोण म्हणणार की बाबा तू आठ वर्षं फुकट लढ, ऑलिंपिकची वाट बघ, मग आम्ही तुझं रेकॉर्ड मोजू?

बरं, आता खरे प्रतिस्पर्धी. सप्टेंबर 1984, लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक ऑडिटोरियम, सुपर फेदरवेट वजनगटाचा डब्ल्यूबीसी बेल्ट, समोर मारिओ "आझाबाचे" मार्टिनेझ, लोकांचा आवडता होता तो. आठव्या राऊंडमध्ये संपला. रॉजर मेवेदरला 1985 ला दुसऱ्याच राऊंडमध्ये. रॉकी लॉक्रिज, हुआन लापोर्ते, 1986. 1987 च्या नोव्हेंबरमध्ये एक वजनगट वर जाऊन एडविन रोसारिओ, ज्याच्या उजव्या हाताला सगळे घाबरायचे, त्याला चावेझने अकरा राऊंड असा काही धुतला की शेवटी त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता. ती फाइट बघितली नसेल तर आजच बघा, माझ्या मते चावेझची सगळ्यात परफेक्ट रात्र तीच. 1988 ला होसे लुइस रामिरेझ, 1989 ला पुन्हा मेवेदर आणि तिसऱ्या वजनगटाचा बेल्ट, 1992 ला हेक्टर कामाचो. एकूण 37 टायटल फाइट, त्यातल्या 31 जिंकल्या. यातले कोण टॅक्सी चालवत होते?

आकडे सोडा, तो लढायचा कसा ते बघा, कारण वादात याबद्दल कोणी बोलतच नाही. मी कॉलेजात असताना दोन वर्षं बॉक्सिंग शिकायला जायचो आणि एका संध्याकाळी स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या फाइटमध्ये, एका मुलाचा डावा हुक, बाजूने वळून येणारा पंच, माझ्या उजव्या बरगड्यांच्या खाली बसला. पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. मी म्हटलं ठीक आहे, हात वर केला, आणि मग साधारण सेकंदभराने कोणीतरी आतून बटण बंद केल्यासारखे गुडघे गेले. डोकं पूर्ण जागेवर, सगळं दिसतंय, ऐकू येतंय, आणि श्वास आत घेता येत नाहीये. ते यकृत. डोक्याला लागलं तर बेशुद्ध होऊन सुटका तरी होते, इथे शुद्धीत राहून शरीर ऐकत नाही. मेक्सिकोत या पंचला वेगळं नाव आहे, गांचो अल इगादो, यकृताचा हुक, आणि चावेझइतका तो कोणी मारलेला नाही. तो आधी डावं पाऊल जरासं बाहेर टाकायचा, समोरच्याला वाटायचं आता डोक्यावर येणार, तो कोपरं उचलायचा, आणि तेवढ्या फटीतून हुक आत. हे एकदा नाही, राऊंडमागे राऊंड, दर मिनिटाला. आरडाओरडा नाही, घाई नाही. लोक त्याला नुसता पुढे चालत जाणारा दांडगट समजतात, पण त्याचं डोकं बघा पुढे जाताना, प्रत्येक पंचच्या दोन बोटं बाजूला असतं.

हे समजल्याशिवाय 17 मार्च 1990 ची टेलरची फाइट समजत नाही, आणि वादातला सगळ्यात मोठा मुद्दा तर तीच फाइट. महिन्याभरापूर्वीच, 11 फेब्रुवारीला, टोकियोत टायसनचं शून्य गेलं होतं. आता लास वेगासच्या हिल्टनमध्ये दोन अपराजित चॅम्पियन समोरासमोर. टेलर इतका वेगवान की चावेझ एक मारेपर्यंत तो चार मारून बाजूला. बारावा राऊंड सुरू होताना दोन जजच्या कार्डवर टेलर इतका पुढे की फक्त पायावर उभा राहिला तरी जिंकला असता. पण त्याच्या कॉर्नरने त्याला सांगितलं हा राऊंड तुला पाहिजे, जा, लढ. तो गेला. शेवटच्या पंचवीसेक सेकंदांत चावेझचा उजवा हात बसला आणि टेलर कोपऱ्यात खाली. दोराला धरून उठला. रेफरी रिचर्ड स्टील आठपर्यंत मोजून दोनदा विचारतो ठीक आहेस का, टेलरचं उत्तर नाही, तेवढ्यात त्याचा ट्रेनर लू डुवा कठड्यावर चढून ओरडत असतो, टेलर मान वळवून तिकडे बघतो, आणि स्टील हात हलवतो. घड्याळात दोन सेकंद बाकी.

दोन सेकंद! पस्तीस वर्षं झाली, लोक त्या दोन सेकंदांवरच अडलेत. चोरी झाली म्हणणाऱ्यांचा मुद्दा फालतू नाहीये: टेलर उभा होता, दोन सेकंदांत चावेझ त्याच्यापर्यंत पोचूही शकला नसता, डॉन किंगच्या बॉक्सरला वाचवलं असा संशय तेव्हाही घेतला गेला. आणि समजा घंटा वाजली असती तर शून्य त्याच रात्री गेलं असतं. पण मी उलट विचारतो, घंटा वाजली असती तर आधीच्या पस्तीस मिनिटांत टेलरच्या शरीरात जे झालं होतं ते झालं नसतं का? हॉस्पिटलमध्ये कळलं की त्याच्या चेहऱ्याचं हाड मोडलंय, पोटात त्याने गिळलेलं स्वतःचं रक्त आहे, लघवीतून रक्त जातंय. स्कोअरकार्ड सांगत होतं टेलर जिंकतोय, आणि टेलरचं शरीर दुसरंच काहीतरी सांगत होतं. जजना मोजता येतात ते लागलेले पंच, ते कितपत आत गेले ते मोजता येत नाही. रेफरीचं काम घड्याळ बघायचं नसतं, माणूस बघायचं असतं, आणि त्या क्षणी त्या माणसाने प्रश्नाला उत्तर दिलं नाही. स्टील बरोबर होता असं मला वाटतं. टेलर पुढे पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण त्याची जीभ नंतरच्या वर्षांत जड झाली, मुलाखतीत त्याचं बोलणं ऐकवत नाही, आणि चावेझचं कौतुक करताना ही किंमत कोणी मोजली ते मी विसरायला तयार नाही. म्हणून ते दोन सेकंद शून्य वाचवणारा चमत्कार म्हणून रिंगटोनसारखे वाजवत बसणाऱ्या चावेझभक्तांवरही मला तितकाच राग येतो.

आणि शून्य हेच माप मानायचं असेल तर शेवटपर्यंत माना ना. मेक्सिकोचाच रिकार्दो "फिनितो" लोपेझ, 51 विजय, एक ड्रॉ, एकही पराभव नाही, अपराजित रिटायर झाला. तंत्रात तर मी त्याला चावेझच्याही वर ठेवीन. मग मेक्सिकोत पहिलं नाव त्याचं का निघत नाही? शुगर रे रॉबिन्सन 1943 ला जेक लामोटाकडून हरला, शून्य गेलं, आणि त्यानंतर 1951 पर्यंत नव्वदहून जास्त फाइट तो हरलाच नाही. त्याची खरी थोरवी शून्य गेल्यावर सुरू झाली, आणि करियरच्या शेवटी त्याच्या नावावर 19 पराभव होते, तरी त्याला सगळ्यात वर ठेवायला कोणी कचरत नाही. अलीचे पाच. दुसरीकडे फ्लॉइड मेवेदरची पन्नासावी फाइट आठवा, 2017, समोर कॉनर मॅकग्रेगर, ज्याची ती पहिलीच प्रो बॉक्सिंग फाइट होती. फ्लॉइड अफाट बॉक्सर आहे, त्यात शंका नाही, पण 49 चे 50 होताना त्याच्या थोरवीत नक्की कशाची भर पडली? शून्याची पूजा सुरू झाली की हेच होतं, चॅम्पियन चांगल्या प्रतिस्पर्ध्याला वर्षानुवर्षं टाळतात, वर्षाला एक फाइट लढतात, प्रमोटर प्रत्येक मॅचिंग आधी घाबरून तपासतात, आणि आपण जे बघायला बसतो ते घडतच नाही. 1981 ला कुलिआकानच्या कमिशनने जे केलं ते याच पूजेचं छोटं गावठी रूप होतं.

ही पूजा चावेझला स्वतःलाही महाग पडली असं मला वाटतं. 20 फेब्रुवारी 1993 ला त्याच हॉगनसाठी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये एक लाख तीस हजारांहून जास्त लोक आले होते. बॉक्सिंगला! तो प्रवेशाचा शॉट बघा, कपाळावर ती लाल पट्टी, आणि चारी बाजूंनी माणसांची भिंत. हॉगन पाचव्या राऊंडमध्ये संपला, आणि नंतर कबूल केलं की ते टॅक्सी ड्रायव्हर चांगलेच दणकट असले पाहिजेत. पण त्या काळात चावेझ दारू आणि कोकेनमध्ये किती खोल गेला होता ते त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलंय. न हरणारा माणूस म्हणून अख्खा देश ज्याच्याकडे बघतोय त्याने कोणाला सांगायचं की मी रोज रात्री हरतोय? सांगायला जागाच नव्हती. रिंग सुटल्यावर काही वर्षांनी घरच्यांनी त्याला जवळजवळ उचलूनच व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, आणि बाहेर आल्यावर त्याने टिहुआनात स्वतःचं केंद्र काढलं. तिथल्या पोरांसमोर तो बोलतो तेव्हा न हरलेल्या नव्वद फाइटचं भांडवल करत नाही, आपण कसे पडलो ते सांगतो.

29 जानेवारी 1994, लास वेगास, एमजीएम ग्रँड, फ्रँकी रँडल. रेफरी पुन्हा तोच रिचर्ड स्टील, आणि यावेळी त्याने कमरेखालच्या पंचसाठी चावेझचे दोन पॉइंट कापले. अकराव्या राऊंडमध्ये रँडलचा उजवा हात आणि करियरमध्ये पहिल्यांदा चावेझ जमिनीवर. त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा नवल जास्त दिसतं, जणू जमीन इथे होती हे त्याला माहीतच नव्हतं. उठला, बारावा राऊंड लढला, स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मताने, हरला, आणि नंतर सगळा दोष स्टीलवर टाकला, जे त्याला शोभलं नाही. शून्य त्या रात्री अधिकृतपणे संपलं. त्यानंतर तो आणखी 24 फाइट लढला. टेलरला परत भेटला, यावेळी आठव्या राऊंडमध्येच, कोणाचंही घड्याळ मध्ये न येता. ऑस्कर डे ला होयाकडून दोनदा मार खाल्ला, 38 व्या वर्षी कोस्त्या झूसमोर उभा राहिला आणि सहाव्या राऊंडमध्ये पडला.

मग मे 2004, मेक्सिको सिटीचं बुल रिंग. चावेझ 41 चा, रँडल त्याच्याहून थोडा मोठा. बेल्ट नाही, शून्य नाही, दोघांचेही पाय गेलेले. दहा राऊंड. चावेझ अजूनही डावं पाऊल जरासं बाहेर टाकतो, रँडल कोपर उचलतो, आणि हुक त्याच फटीतून आत जातो. निकाल चावेझच्या बाजूने, तिन्ही जजच्या कार्डवर.